राबाची हाक

पासली गावाच्या वरच्या अंगाला डोंगर जिथं भातखाचरांवर वाकून बघतो, तिथं ऐनाची झाडं आहेत. सरळसोट नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या कोयता खाऊन त्यांच्या अंगावर गाठी आल्यात, म्हाताऱ्या माणसाच्या बोटांच्या पेरांसारख्या. सखूबाईला ही झाडं डोळ्यांपेक्षा पायांनी जास्त ठाऊक आहेत. कुठल्या गाठीवर टाच ठरते, कुठली फांदी नुसती दिसायला दणकट आहे आणि भार पडला की कुरकुरते, हे तिला अंधारातही सांगता येईल.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला पहिली गोष्ट कळली ती ही की आपल्या नवऱ्याला उंचीची भीती वाटते. दादू सापाला भीत नव्हता, उधळलेल्या बैलाला भीत नव्हता. पण झाडावर दोन माणसांच्या उंचीपर्यंत गेला की खोडाला मिठी मारून डोळे मिटायचा. मग सखूबाईनं पदर खोचला, कोयता कमरेला अडकवला आणि ती चढली. गावानं पुष्कळ हसून घेतलं. खालच्या वाटेनं जाणारा मुद्दाम थांबून विचारायचा, “दादू, वर कोन हाय रं?”

“मालक,” दादू खालून म्हणायचा, आणि पडलेल्या डहाळ्या गोळा करत राहायचा.

ते हसणं कधी विरलं ते तिला कळलं नाही. मुली झाल्या, नांदायला गेल्या. दादूही एका पावसाळ्यात तापानं गेला. सखूबाई झाडावर चढत राहिली.

चढायचं ते राबासाठी. भाताचं रोप टाकायचं त्या जागेवर आधी ऐनाच्या डहाळ्या अंथरायच्या, त्यावर शेण, पालापाचोळा, वर बारीक मातीचा थर, आणि उन्हाळ्याच्या शेवटी वारा पडला की ते सगळं पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते. तणाचं बी जळतं, राख मातीत मुरते, आणि मग पावसाबरोबर रोप असं हिरवंगार उठतं की बघतच राहावं. याला राब म्हणतात. डहाळ्यांसाठी झाड लागतं, आणि झाडं असतात वरच्या वरकस जमिनीत, जिथं नाचणी-वरईपलीकडे काही पिकत नाही. खाचर एकाचं, वरकस दुसऱ्याचं, असं पुष्कळदा असतं. वाटण्या होतात, बांध सरकतात, भाऊ एकमेकांची तोंडं बघत नाहीत. पण ज्या खाचराचा राब ज्या झाडांवर, तो तिथंच.

जाताना विचारायचं मात्र असतं. भात झोडून झालं, थंडी ओसरायला लागली, की उताराच्या पायथ्याला उभं राहून हाक द्यायची: “येते वं राबाला!” वरून उत्तर येतं, “या की!” मग चढायचं. सखूबाईच्या सासूनं ही हाक दिली, तिच्या सासूनं दिली. झाडाचा शेंडा ठेवायचा, यंदा तोडलेलं झाड पुढल्या साली सोडायचं, घरट्याची फांदी टाळायची. हे कुणी कुणाला शिकवलं नाही. पाहून आलं.

वरचा उतार वाटणीत तिच्या दिराकडं, रखमाजीकडं गेला होता. रखमाजी थकला. जनावरं विकली, मुलगा चाकणला कारखान्यात लागला, उतारावर जाणं त्याला होईना. त्यानं तो विकायचं ठरवलं. सातबारा अजून सामाईक होता, म्हणून सखूबाईचीही सही लागली.

घेणारा पुण्याचा. अजित त्याचं नाव. गाव मूळचं साताऱ्याकडचं, बोलायला मऊ, वयानं पन्नाशीचा. त्याला तिथं बंगला बांधायचा नव्हता, हॉटेल काढायचं नव्हतं. एक लहानसं घर आणि भोवती झाडं, एवढंच हवं होतं. रजिस्टर ऑफिसात कारकुनानं दस्त वाचून दाखवला तेव्हा सखूबाई खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती. चतुःसीमा आल्या, गट नंबर आला, आणि मग ते वाक्य आलं: “सदर मिळकत त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह…” तिला ते फार आवडलं. आरतीसारखं वाटलं. एवढं सगळं आपल्या उतारावर होतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

तिनं एकेक अक्षर काढून सही केली. बाहेर चहा घेताना ती अजितला म्हणाली, “राबाला येऊ द्या बरं का, सायेब.”

“या की मावशी,” तो म्हणाला. “कधीही या. आपलंच आहे.”

रखमाजीनं मान डोलावली. विषय संपला. दस्तात राबाबद्दल एक अक्षरही नव्हतं, आणि ते असावं असं तिघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. अजितच्या मनात आलं नाही, कारण राब म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. या दोघांच्या मनात आलं नाही, कारण ते ठाऊक नसलेला माणूस त्यांनी आजवर पाहिलाच नव्हता.

पहिला हिवाळा अजितच्या कुंपणाच्या कामात गेला, तेव्हा तिला कुणी अडवलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात सखूबाई कोयता घेऊन गेली तेव्हा पायथ्याला लोखंडी फाटक होतं, आणि फाटकाशी बंडू. बंडू गावातलाच, पोराबाळांचा बाप, अजितनं राखणीला ठेवलेला. तिला काकी म्हणायचा.

“येते वं राबाला!” तिनं सवयीनं हाक दिली.

बंडूनं पायातली चप्पल काढली, परत घातली. “काकी, सायबांनी न्हाई म्हनून सांगितलंय.”

“काय न्हाई?”

“तोडायचं न्हाई. झाडांना हात लावायचा न्हाई कुनी. लई जीव हाय त्यांचा झाडांवर. ती गाठाळलेली झाडं बगून त्यांना वाईट वाटलं. म्हनले, किती छळलंय ह्यांना.”

सखूबाई वर बघत राहिली. तिला राग आला नाही. ती शब्द जुळवून बघत होती. या उतारावर “न्हाई” तिनं कधी ऐकलं नव्हतं. ते कुठं ठेवावं ते तिला कळेना. ती कोरडा कोयता घेऊन घरी आली.

त्या पावसाळ्यात तिनं राब न भाजता रोप टाकलं. शेतीखात्याचा माणूस येऊन चांगुलपणानं उंच मातीचा गादीवाफा करायला सांगून गेला. तिनं तोही केला. पण त्या जमिनीत तणाचं बी फार. रोपापेक्षा गवत आधी उठलं. लावणीला आली ती पिवळी, बारीक काडी. ती खाचरात वाकून एकेक काडी रोवत होती आणि तिला वाटत होतं, आपण आजारी पोरं शाळेला धाडतोय. त्या साली निम्मं खाचर नुसतं पाण्याचं राहिलं. त्यात आभाळ दिसायचं. आणखी एकदोन सालं अशी गेली की खाचर पडीकच पडणार होतं, आणि पडीक जमीन शोधत कुणी ना कुणी गिऱ्हाईक येतंच.

मार्गासनीला रस्त्याकडेच्या गाळ्यात संजीवनी वकील बसते. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली कायद्याची पुस्तकं, आणि टेबलावर कायम अर्धा राहिलेला चहा. रखमाजीच वहिनीला तिच्याकडं घेऊन गेला. उतार त्यानं विकला होता, त्यामुळं तो वाटभर एसटीत खिडकीबाहेर बघत होता.

“म्या साक्ष देतो,” तो बसल्या बसल्या म्हणाला. “म्या माझ्या कानांनी ऐकलंय. च्या पिताना सायेब म्हनला, कदीबी या. बोलला का न्हाई? बास. इशय संपला.”

“संपला नाही, बाबा,” संजीवनी म्हणाली. “तिथंच अडलाय.”

दस्त वाचता वाचता तिनं कप सरकवला. “हे बघा. करार एकदा लिहून, सही होऊन, रजिस्टर झाला, की त्यातलं ठरलेलं त्या कागदावरूनच बघायचं. कागद एक म्हणतो आणि चहाच्या टपरीवर दुसरंच बोलणं झालं होतं, असं सांगून कागद फिरवता येत नाही. तसं चाललं असतं तर कुणाच्याच सहीला अर्थ उरला नसता. आता, कागद जिथं गप्प आहे तिथं कधीकधी तोंडी बोलणं चालतं. पण हा दस्त जलापासून निक्षेपापर्यंत सगळं मोजून लिहिलाय. एवढ्या बारकाईनं लिहिणारे राबाचं तेवढं टपरीवर ठरवतील, हे कोर्ट सहज मानायचं नाही.”

“मंग सायेब खोटं बोलला तरी चालतंय?” रखमाजीनं विचारलं.

“ते खोटं बोललेत असंही मला वाटत नाही. त्यांना कळलंच नव्हतं आपण कशाला हो म्हणतोय.”

आपल्या कानांनी ऐकलेलं कायद्याच्या उपयोगाचं नाही, हे रखमाजीच्या डोक्यात शिरेना. सखूबाईनं विचारलं, “मंग आता?”

“आता रूढी.” संजीवनी पुढं वाकली. “मावशी, लग्नाची पत्रिका येते. तिच्यात कुठं लिहिलेलं असतं का, की आलेल्याला जेवायला वाढू?”

“न्हाई.”

“तरी वाढतात ना?”

“न वाढता ऱ्हात्यात व्हय!”

“झालं तर. जे सगळे करतातच, ते लिहीत नाहीत. कायदा म्हणतो, अशा तऱ्हेच्या करारात जी रीत न लिहिता गृहीत असते, ती साक्षीनं सिद्ध करता येते. फक्त कागदातल्या शब्दांच्या ती आडवी येता कामा नये. पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ छापलं असेल तर तिथं छापलेलं खरं, रीत नाही.” तिनं दस्त मिटला. “तेव्हा साहेब काय बोलले ते सांगायचं नाही. आपल्याकडं काय करतात तेवढंच सांगायचं.”

“म्हंजी मला एकट्याला म्हायती हाय ते सांगायचं न्हाई,” रखमाजी म्हणाला, “आन् समद्या गावाला म्हायती हाय ते सांगाया कोर्टात जायाचं.”

“बरोबर.”

“येड लागलंय जगाला,” तो म्हणाला, पण तिनं पुढं केलेला चहा त्यानं घेतला.

सखूबाईच्या नावानं दावा लागला आणि आपल्या चालीनं चालला. तारखा पडत गेल्या. सखूबाई इस्तरीचं लुगडं नेसून जायची आणि बाकावर बसायची. अजितही यायचा. कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आले की तो हात जोडायचा, आणि हिला ओशाळल्यासारखं व्हायचं. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

उलटतपासणीच्या दिवशी कोर्टात पंखा घरघरत होता. अजितचा वकील आवाज न चढवता विचारणारा होता. दस्तावरची सही तिचीच का? तिचीच. दस्त वाचून दाखवला होता का? व्हय, लई छान वाचला. त्यात तरू हा शब्द होता का? व्हता. तरू म्हणजे झाडं, ती विकली हे तिला मान्य आहे का?

“हाये की. झाडं त्यांचीच हायेत. आमी कुटं मागतोय?”

वकिलानं मान हलवली. मग सहज, पुढचा कागद चाळत, त्यानं विचारलं, “बाई, तुम्ही डहाळ्या तोडायला जायच्या आधी, झाडं ज्याची त्याला विचारत होता का?”

संजीवनीनं मान खाली घातली. या प्रश्नाची तिला भीती होती.

सखूबाईला मात्र पहिल्यांदाच आपल्या ओळखीचं काही विचारलं गेल्यासारखं वाटलं. ती सावरून उभी राहिली. “व्हय तर! इचारल्याबिगर कसं जायाचं? हाक दिऊनच जायाचं.”

“दर वर्षी?”

“दरसाल.”

“आणि त्यांनी ‘या’ म्हटल्यावरच जायचं?”

“व्हय.”

“म्हणजे परवानगी घेऊन.” वकील न्यायाधीशांकडं वळला. ज्याला परवानगी लागते तो हक्क नव्हे, ती मेहेरबानी. आणि मेहेरबानी बंद करायला मालक मोकळा आहे, एवढं नोंदवून घ्यावं, म्हणाला. आणि खाली बसला.

लिहून घेणाऱ्याच्या बोटांचा आवाज तेवढा राहिला. आपण काहीतरी मोडलं आहे, हे सखूबाईला त्या आवाजावरून कळलं. काय मोडलं, ते कळेना. तिनं खरं तेच सांगितलं होतं, आणि चांगलं तेच सांगितलं होतं. बाकावर रखमाजीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

संजीवनी उठली. फेरतपासणीसाठी तिला एकदोनच प्रश्न विचारायचे होते. “मावशी, तुम्ही हाक दिली आणि कुणी ‘नाही’ म्हणालं, असं कधी झालं?”

“न्हाई म्हनलं?” सखूबाईनं विचार केला. “बंडू म्हनला.”

मागं कुणीतरी हसलं.

“त्याच्या आधी. मालक रागावलेला असेल, भांडण असेल…”

भांडण म्हटल्यावर तिचे डोळे बाकाकडं गेले. मग ती हळूच म्हणाली, “भांडान व्हतं की. ह्ये आमचे भावजी बसल्यात. ह्यांचा आन् आमच्या मालकांचा बांधावरनं अबोला व्हता. लई सालं. एकमेकाच्या दारचं पानीबी पीत नव्हते. पोरीच्या लग्नात आले न्हाईत.”

“त्या काळात राब कुठून घ्यायचात?”

“वरनंच. आनि कुटनं?”

“हाक कशी द्यायचात? बोलत नव्हतात ना?”

सखूबाईला हसू आलं. कोर्टात हसावं की नाही हे न समजून तिनं पदर तोंडाशी धरला. “म्या खालनं हाक द्यायाची, येते वं राबाला. भावजी वर नांगराशी असायचे. माझ्याशी तर बोलायचं न्हाई. मंग ते बैलाला सांगायचे, ‘पवळ्या, ये म्हनावं त्यास्नी.’ मंग म्या चढायाची. तोडून झालं की खालनं सांगायाची, ‘पवळ्या, येते रं.’”

या वेळी हसू दबलं नाही. न्यायाधीशांनीही चष्मा काढून पुसला. मग त्यांनी स्वतःच विचारलं, “बाई, ते ‘नाही’ म्हणू शकले असते ना? भांडण होतं.”

“न्हाई कसं म्हनतील, सायेब? भांडान बांधाचं व्हतं. राबाचं न्हाई.”

“मग विचारायचं कशाला?”

असा प्रश्न कुणी सखूबाईला विचारला नव्हता, तिनंही स्वतःला विचारला नव्हता. “मानूस हाय ना वर,” ती शेवटी म्हणाली. “मानूस असताना न बोलता शिरायचं म्हंजी… तसं जनावर शिरतं.”

अजित खाली बघत होता. रखमाजीनं टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली, आणि डोळे पुसायला वापरली.

निकाल आला तेव्हा हिवाळा लागत होता. संजीवनीनं तो गाळ्यातच वाचून समजावला. झाडं अजितची, त्यात वाद नाही. दस्त पक्का, त्यातला शब्दही इकडचा तिकडं नाही. पण ती झाडं विकली गेली ती जशी होती तशी, खालच्या खाचराला राब देणारी. त्या भागातली ही रीत इतकी जुनी आणि इतकी सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली, की ती लिहायची राहिली म्हणून सुटली असं होत नाही. विचारणं हा तिथल्या वागण्याचा भाग; नकार देण्याचा हक्क त्यातून निघत नाही. शेंडा राखून, प्रत्येक झाड सालाआड घेऊन, राबापुरतं तोडायला फाटक उघडं राहील.

रखमाजीनं टेबलावर थाप मारली. “पवळ्या जितला!”

संजीवनी हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, “आता एक ऐका, मावशी. ते वर अपील करतील, न करतील. पण यापुढं हाक द्यायची नाही. सरळ जायचं, तोडायचं, यायचं. पुन्हा विचारायला लागलात की उद्या कुणी म्हणेल, बघा, परवानगीनंच जातायत. एकदा निभावलं, दर वेळी निभावेल असं नाही.”

“हाक द्यायाची न्हाई,” सखूबाईनं पाठ केल्यासारखं म्हटलं.

थंडी ओसरायला लागली तशी ती कोयता पाजळून निघाली. फाटक सताड उघडं होतं. बंडू बाजूला उभा होता, आणि तिच्याकडं न बघता कुंपणाची तार ओढून बघत होता. वर नव्या घराच्या ओट्यावर अजित बसला होता. तिला तो दिसत होता, त्याला ती दिसत होती.

ती फाटकाच्या रेषेवर थांबली. पुढं पाऊल टाकायला कुणाची आडकाठी नव्हती. रीत तिच्या बाजूची होतीच, आणि आता तर कोर्टाचाही कागद तिच्या बाजूचा होता. पण पाय उचलेना. न बोलता शिरणं म्हणजे काय, हे तिनंच भरल्या कोर्टात सांगितलं होतं. आणि बोलावं, तर जिंकलेलं खाचर आपल्याच तोंडानं पुन्हा दुसऱ्याच्या मर्जीवर टाकायचं. आयुष्यभर जी हाक तिनं श्वासासारखी दिली, तिचा आता हिशेब करायची वेळ आली होती.

बंडू हळूच म्हणाला, “जा की काकी. उगडंच हाय.”

तिनं वर पाहिलं. पहिलं ऐनाचं झाड तिच्याच हाताचं होतं. इतकी सालं न तोडता सोडल्यामुळं ते बेढब फुटलं होतं, केस न विंचरलेल्या पोरीसारखं. सखूबाईनं त्याच्याकडं तोंड केलं, आणि उतारभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “येते गं राबाला!”

हाक वर गेली. ओट्यावरचा माणूस उठून उभा राहिला. पण त्याला विचारलेलं नव्हतं, आणि ते त्यालाही कळलं असावं, कारण तो काहीच बोलला नाही. एखाद्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती थांबली. मग आत गेली.

गुडघा दुखत होता. टाचेनं मात्र गाठ बरोबर शोधली. ती चढली. कोयता चालू लागला, डहाळ्या पडू लागल्या, हिरवा कडसर वास सुटला. बऱ्याच वेळानं तिला खाली माणसाची चाहूल लागली. अजित झाडापासून थोडा लांब, डहाळ्या लागणार नाहीत अशा बेतानं उभा होता. वर बघत होता.

“मावशी,” तो म्हणाला. “शेंडा ठेवणार ना?”

“ठिवायचाच असतो,” ती वरून म्हणाली. “बाजूला व्हा. ही फांदी थोर हाय.”

तो बाजूला झाला.